बैठक

"बेटी, सीधी खड़ी हो जाओ," मास्टरजी म्हणाले.

"सीधी ही तो खड़ी हूँ," उत्कर्षा म्हणाली.

मास्टरजींनी टेप गळ्यात टाकली आणि दोन पावलं मागं जाऊन तिच्याकडं पाहिलं. माणसाकडं पाहतात तसं नाही. भिंतीवरची तसबीर तिरकी लागलीय की काय, हे पाहतात तसं. जयपूरच्या राजा पार्कातलं ते लेडीज टेलरचं दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं होतं. तिची आई द्वारका दाराशी स्टुलावर कापडाची पिशवी मांडीत घेऊन बसली होती. मामाच्या राजरत्नचं लग्न जूनमध्ये अकोल्याला ठरलं होतं. तोवर परीक्षा होऊन गेलेली असणार, म्हणून उत्कर्षाला नवा सलवार-कमीज शिवायचा होता. मास्टरजी पुन्हा पुढं आले. टेपचं एक टोक मानेच्या मुळाशी आणि दुसरं खांद्याच्या टोकाशी धरून त्यांनी पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला तेच केलं, आणि आईकडं वळून म्हणाले, "दायाँ कंधा पौन इंच नीचे है, बहनजी. कोई बात नहीं, अंदर हल्की-सी गद्दी डाल देंगे. पता नहीं चलेगा."

"दिनभर पढ़ती है ना," आई म्हणाली आणि हसली. घरातली एखादी गोष्ट परक्या माणसाला आधी दिसली की माणूस हसतो, तसं ते हसू होतं.

उत्कर्षाला भीती वाटली नाही. शेजारच्या घरात काहीतरी झालंय अशी बातमी कानावर यावी, तेवढंच वाटलं. शास्त्री नगरकडं जाणाऱ्या मिनीबसमध्ये ती दांड्याला धरून उभी राहिली आणि मास्टरजींचं वाक्य मनात फिरवून पाहू लागली. पता नहीं चलेगा. कुणाला? तिचं तिलाच आजवर कळलं नव्हतं. ती एकोणीस वर्षांची होती. डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेचं हे तिचं दुसरं वर्ष. माणसाच्या शरीरात हाडं किती, मानेत मणके किती, खांद्याचं हाड कुठल्या स्नायूंनी पाठीला बांधलेलं असतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण ते सगळं पुस्तकातल्या त्या माणसाचं होतं, ज्याला कातडी नसते आणि जो तळहात पुढं करून कायम सरळ उभा असतो. त्या माणसाचा आणि आपला काही संबंध आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं. बसच्या काचेत तिनं स्वतःकडं पाहिलं. काच हलत होती. त्यात सगळ्यांचेच खांदे वरखाली होत होते.

दुखणं जुनं होतं, पण त्याला ती दुखणं म्हणत नव्हती. दिवाळीच्या आसपास संध्याकाळी मान जड व्हायला लागली, तेव्हा तिला वाटलं झोप कमी पडते. मग थंडीत उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत एक बारीक ओढ सुरू झाली, कुणीतरी आतून दोरा खेचल्यासारखी. ती दुपारी यायची आणि दिवेलागणीला जायची. जानेवारीत अंगठा आणि शेजारची दोन बोटं झिणझिणायला लागली. एकदा चहाचा कप हातात होता आणि हातात नव्हताही. फरशीवर फुटला तेव्हा तिनं आवाजाकडं पाहिलं, हाताकडं नाही. आई फडकं घेऊन आली आणि म्हणाली, "ध्यान कुठं आहे तुझं?" ध्यान खरं तर तिथंच होतं. हात तिथं नव्हता. टोंक फाटकाजवळच्या क्लासमध्ये सकाळी सातपासून एका हॉलमध्ये दीडशे मुलं बसत. बाकांना पाठ नव्हती, आणि मुलींच्या रांगा उजव्या कडेला, म्हणजे फळा सतत डावीकडं. सहा तास मान एकाच दिशेला वळलेली. तीनेक तासांनंतर त्या रांगांमधून बामचा वास यायला लागायचा. कुणी त्याबद्दल बोलत नसे. एखाद्या मुलीनं डबी काढली की ती न विचारता तीनचार हातांतून फिरून परत यायची. दुखतं असं म्हणणं म्हणजे मागं पडतोय असं म्हणणं, आणि मागं पडणारे दर महिन्याच्या यादीत तसेही सगळ्यांना दिसतच.

घरी खुर्ची होती. शास्त्री नगरातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत शिरलं की आधी तीच दिसायची. बाबांनी, भगवान तायड्यांनी, ती रेल्वेच्या जुन्या फर्निचरच्या लिलावातून आणली होती. रेल्वेचा नवा झोन झाला तेव्हा भुसावळहून ते जयपूरला बदलून आले, आणि दुसऱ्या वर्षी उत्कर्षा दहावीला गेली त्या दिवशी सायकलरिक्षात खुर्ची पुढं आणि आपण मागं सायकलवर, असे गल्लीत शिरले. सागवानी, हातांची, उंच पाठीची, कुठल्यातरी मोठ्या साहेबाची खुर्ची. पाठीमागं पांढऱ्या रंगात एक नंबर लिहिलेला. आईनं रॉकेलच्या फडक्यानं दोन दिवस पुसली तरी तो गेला नाही. बाबांनी ती टेबलाशी लावली, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबिरी होत्या त्यांच्या बरोबर खाली, आणि म्हणाले, "बस."

ती बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत.

"आखीन वाढसीन," बाबा म्हणाले.

ती वाढली नाही. आईच्या अंगलटीवर गेली. चार वर्षं तिचे पाय त्या खुर्चीखाली लोंबत राहिले, मग ती पुढच्या काठाला सरकून अंगठे टेकवायला शिकली, आणि त्यामुळं पाठीला पाठ कधीच लागली नाही. हे सगळं तिनं आज बसमधून उतरून घरी आल्यावर पहिल्यांदा एकत्र जोडलं, आणि जोडून तसंच ठेवून दिलं. कारण त्या खुर्चीची गोष्ट तिच्यापासून सुरू होत नव्हती. आजोबा अकोल्याजवळच्या त्यांच्या गावात कोतवाल होते. रोज सकाळी चावडी झाडायची आणि तलाठ्याची खुर्ची पुसून ठेवायची. तलाठी महिन्यातून चार दिवस यायचा; खुर्ची तीसही दिवस पुसली जायची. "माह्या बापानं उमरभर खुर्ची पाह्यली," बाबा सांगत, "बसला नाई. कोनी पाहून नसलं तरी बी नाई बसला." बाबा स्वतः रेल्वेत फिटर. गाडी यार्डात येऊन उभी राहिली की रुळांमधल्या लांब खड्ड्यात उतरायचं आणि मान मागं टाकून डब्याच्या पोटाकडं पाहत काम करायचं. सत्तावीस वर्षं. घरी आल्यावरही ते दिव्याच्या बटणाकडं वर पाहताना तोंड थोडं उघडं ठेवत, जणू वरून काही गळेल. अभ्यासाबद्दल त्यांना एकच गोष्ट माहीत होती आणि ती ते मनापासून सांगत. "अभ्यास म्हंजे बैठक. डोकं सगळ्यायलेच असते. बैठक पाह्यजे." पाहुणे आले की म्हणत, "दहा-दहा घंटे उठत नाई पोरगी." ते म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की उत्कर्षाला त्या वेळी उठायचं असलं तरी ती उठत नसे.

अशा माणसाला कसं सांगायचं की बसून दुखतं? तिनं ते वाक्य दोनतीनदा मनात तयार केलं होतं. बाबा, मला बसून त्रास होतो. उच्चारलं की ते हास्यास्पद वाटायचं; हिंदीत केलं तर जास्तच. मग ती ते सोडून द्यायची आणि वहीत डोकं घालायची. डोकं घातलं की मान खाली जायची आणि दोरा खेचला जायचा.

मास्टरजींच्या दुकानानंतर आठवड्याभरात गार्गीनं ते ओळखलं. गार्गी क्लासमध्ये तिच्या शेजारी बसायची. वडील इथल्याच एका कॉलेजात प्राध्यापक, आई फिजिओथेरपिस्ट, घर राजा पार्काच्या पलीकडं. दोघी एकमेकींशी हिंदीत बोलत, आणि मराठी चिडवताना किंवा काही खासगी असलं तरच वापरत. त्या दिवशी सरांनी लिहून घ्यायला सांगितलं आणि उत्कर्षानं पेन डाव्या हातानं उचलून उजव्या हातात नीट बसवलं, बाहुलीच्या हातात काही अडकवावं तसं. "ये क्या कर रही है?" गार्गीनं विचारलं. "हात सो गया," उत्कर्षा म्हणाली. "रोज सोता है?" ती लिहायला लागली. गार्गी म्हणाली, "चल घरी. आई बघेल."

गार्गीची आई, इंदुमतीबाई, घरातल्याच एका खोलीत पेशंट तपासत. हात कोरडे आणि उबदार होते. त्यांनी उत्कर्षाला पाठमोरी बसवलं, मान हळूहळू एकीकडं वळवली, दुसरीकडं वळवली, "इथं? आणि आता? हाताकडं जातंय का काही?" असं विचारत राहिल्या. कुणी आपल्या मानेला असा हात लावल्याला किती वर्षं झाली, हे उत्कर्षाच्या मनात आलं. लहानपणी आई न्हाऊ घालायची तेव्हा लावायची. ती उत्तरं देत होती, बरोबर देत होती, पण दुसऱ्याच कुणाच्या वतीनं दिल्यासारखी.

"नस दबलीय," इंदुमतीबाई पुढ्यात येऊन बसत म्हणाल्या. "घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष केलंस तर हात कामातून जाईल. किती तास बसतेस?"

"क्लासचे सहा. घरी आठ-नऊ."

"कशावर?"

उत्कर्षानं खुर्ची सांगितली. उंची हातानं दाखवली, पाय लोंबतात हेही सांगितलं. इंदुमतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, कुणी सांगितलं असल्या खुर्चीत बसायला? काय वेड लागलंय का? हे बघ, खुर्ची मापाची नसेल तर सरळ जमिनीवर बस. भिंतीला पाठ, पुढ्यात बुटकं डेस्क. पंचवीस मिनिटं झाली की उठून फिरायचं. आपल्याकडं पूर्वी सगळे जमिनीवरच बसायचे की. कुणाची मान दुखायची?"

सगळे, हा शब्द उत्कर्षाच्या कानात जरा वेळ थांबला. इंदुमतीबाई चांगल्या होत्या. त्यांनी व्यायाम करून दाखवले, दोनदा करून घेतले, एका कागदावर सगळं लिहून दिलं, जाताना लाडू दिला आणि विचारलं, "तायडे म्हणजे जळगावकडचे का गं तुम्ही?" "अकोल्याचे," ती म्हणाली. "हां," त्या म्हणाल्या. त्या हां मध्ये काही होतं किंवा नव्हतं. उत्कर्षानं त्याचा विचार केला नाही. तिच्या डोळ्यांसमोर चावडी होती. ती तिनं कधी पाहिली नव्हती. तिथं खाली उकिडवे बसलेले आजोबा होते. त्यांची मान मात्र कधी दुखली की नाही, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं.

त्या रात्रीपासून नाही, दुसऱ्या दिवसापासून, तिनं खाली बसायला सुरुवात केली. बाबांची ड्यूटी दोन ते दहा असली की दुपारभर खोली तिची असे. ती ट्रंक ओढून पुढ्यात घ्यायची, तिच्यावर पाट ठेवायची, भिंतीला पाठ लावायची. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत डोळ्यांत पाणी आलं. दुखून नव्हे, पाठीला काहीतरी टेकलं म्हणून. समोर खुर्ची रिकामी. खालून पाहिल्यावर ती आणखीच मोठी दिसे. तिच्या वर दोन तसबिरी. एका तसबिरीत मांडी घालून जमिनीवर ताठ बसलेले, डोळे मिटलेले. दुसरीत खुर्चीत बसलेले, पुढ्यात उघडं पुस्तक. इतकी वर्षं तिनं त्या दोन तसबिरी रोज पाहिल्या होत्या, पण कोण कशावर बसलंय हे पाहिलं नव्हतं. यातलं आपण कुणाचं ऐकतोय, असं क्षणभर मनात आलं, आणि मग घड्याळाकडं लक्ष गेलं. पंचवीस मिनिटं झाली होती. ती उठून खोलीत फिरली. आठ पावलं जायला, आठ यायला.

आई सगळं पाहत होती. पहिल्या दिवशी तिनं ट्रंकेच्या कडेकडेनं केर काढला. दुसऱ्या दिवशी तिनं उशी आणून उत्कर्षाच्या पाठीशी ठेवली. तिसऱ्या दिवशी गल्लीत सायकलची घंटा वाजली तेव्हा स्वयंपाकघरातून ती नुसती म्हणाली, "बाबा आले." उत्कर्षा उठली, ट्रंक ढकलली, खुर्चीत चढली. चढली हाच शब्द बरोबर होता. अशा तऱ्हेनं तीन आठवडे गेले. दोन बायका एका माणसाचा अभिमान सांभाळत होत्या, आणि तो माणूस रोज येऊन विचारत होता, "कवापासून बसून आहे?" आणि आई उत्तर देत होती, "तुम्ही गेल्यापासून."

तीन आठवड्यांत ओढ थोडी कमी झाली, बोटं तशीच राहिली. परीक्षेला महिना उरला होता. एप्रिल तापायला लागला. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नसे, आणि कूलरच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नसे. म्हणून त्या दिवशी यार्डात नळ फुटून खड्ड्यात पाणी तुंबलं, काम बंद पडलं आणि बाबा चार वाजताच परतले, तेव्हा घंटा कुणालाच ऐकू आली नाही. उत्कर्षानं मान वर केली तर ते दारात उभे होते. हातात डब्याची पिशवी, चेहऱ्यावर उन्हाचा आणि तेलाचा थर. ते तिच्याकडं पाहत होते, मग रिकाम्या खुर्चीकडं, मग परत तिच्याकडं.

"खाली काहून बसली?"

तयार केलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. "खुर्चीत दुखते, बाबा," ती म्हणाली.

"काय दुखते?"

"मान. हात. बोटात जानच नाई राहत."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन थांबली होती. तिच्याकडं न पाहता ते म्हणाले, "तुले मालूम होतं." मग ते हळूच खाली बसले, उत्कर्षाच्या समोर, ट्रंकेच्या पलीकडं, आणि म्हणाले, "डॉक्टरले दाखोलं?" तिनं वहीतून कागद काढला. "वाच." कागद इंग्रजीत होता. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली. मराठीत सांगताना अडखळत होती, मध्येच "मतलब" म्हणत होती. शेवटच्या ओळीपाशी आली आणि थांबली.

"वाच ना."

"मतलब... लिहिलंय की जमिनीवर बसावं."

कूलर चालू होता. तेलकट अंगठ्यानं बाबा फरशीवरची एक न दिसणारी रेघ पुसत राहिले. "डॉक्टरीनबाईले सांग," शेवटी ते म्हणाले, आवाज चढवला नाही, "खाली बसाचं औषध आमच्या घरानं लय घेतलं."

उत्कर्षाला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच ठरवता आलं नाही. ती नुसती कागदाकडं पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिला दिसलं की ती ओळ आपण अर्धीच सांगितली. मुद्दाम नव्हे. "पूर्ण असं आहे," ती म्हणाली, "खुर्ची मापाची नसेल तर जमिनीवर बसावं."

"मापाची नसन तर?"

"हो."

"असं लिवलं तिनं?"

"हो, बाबा."

"मंग हे आंधी सांगाचं ना, व," बाबा म्हणाले आणि उठले. आता ते घरातले बाबा नव्हते, यार्डातले फिटर होते. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून पोलादी पट्टी काढली, उत्कर्षाला पलंगाच्या काठावर बसवलं, तिची टाच फरशीवर टेकवून गुडघ्याच्या मागपर्यंत माप घेतलं. पंधरा इंच. खुर्चीची बैठक जमिनीपासून साडेएकोणीस. दोनदा मोजलं. साडेचार इंचांचा फरक आजवर तिच्या मानेत कुठंतरी बसला होता, आणि तो त्या माणसाच्या हातात पट्टीवरच्या दोन खुणांमधली जागा होऊन समोर आला. पट्टी तशीच धरून ते उभे राहिले. "चार वर्सं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुट्टीच्या सकाळी त्यांनी खुर्ची अंगणात उलटी केली आणि पाय कापले. साग जुना होता, करवत सावकाश चालत होती. शेजारचे, मूळचे इथलेच, गजाननकाका भिंतीवरून वाकून म्हणाले, "तायडे, इतनी बढ़िया कुर्सी काट रहे हो?" बाबांनी करवत थांबवली नाही. "बढ़िया थी," ते म्हणाले, "हमारे साइज की नहीं थी." उत्कर्षा दारात उभी राहून पाहत होती. तिला वाटलं होतं की या प्रसंगी आपल्याला काहीतरी मोठं वाटेल. प्रत्यक्षात ती भुशाचा वास घेत होती, आणि बाबांना मान खाली घालून काम करताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. ते त्यांना जमत नव्हतं. दर थोड्या वेळानं ते सरळ होऊन मानेवर हात फिरवत. कापून झाल्यावर खुर्ची टेबलाशी लावून उत्कर्षा बसली तर टेबल तिच्या छातीपर्यंत आलं. बाबा पहिल्यांदा गोंधळले, मग हसले, आणि दुपारी टेबलाचेही पाय कापले. सगळं सामान साडेचार इंच बुटकं झालं. खोलीचं छत अचानक उंच झाल्यासारखं वाटू लागलं. एक पाय किंचित आखूड राहिला होता. खाली पुठ्ठा घातला तरी खुर्ची लिहिताना बारीक डुगडुगायची. पण तळवे पूर्ण टेकत होते, पाठ लागत होती, आणि पंचवीस मिनिटं झाली की बाबाच म्हणत, "ऊठ व, फिर." बैठकीचा महिमा सांगणारा माणूस घड्याळ लावून तिला उठवत होता. पाहुण्यांना काय सांगत असतील, हे तिनं विचारलं नाही.

हे आधी व्हायला हवं होतं, एवढाच त्यात दोष होता. मान महिनाभरात बरीच सैल झाली. बोटांनी मात्र ऐकलं नाही. इंदुमतीबाई म्हणाल्या, नस आपल्या गतीनं बरी होते, तिला परीक्षेची तारीख सांगून उपयोग नाही.

परीक्षा मेच्या मध्यावर, सांगानेरच्या रस्त्यावरच्या एका शाळेत होती. बाक लहान मुलांचे, टेबलाला जोडलेले, सरकवता न येणारे. तीन तास, दोनशे प्रश्न, प्रत्येकासाठी एक गोल काळा करायचा. पहिले दोन तास ठीक गेले. एकशे चाळिसाव्या प्रश्नानंतर अंगठा गेला, मग शेजारची बोटं, आणि पेन्सिल कुठं टेकतेय हे डोळ्यांनी पाहून ठरवावं लागू लागलं. ती घाबरली नाही. उत्तर माहीत आहे, गोल समोर आहे, आणि हात या दोघांच्या मध्ये कुठंतरी हरवलाय, हे तिनं लांबून पाहावं तसं पाहिलं. डाव्या हातानं तिनं काही गोल भरले. रंग रेषेबाहेर गेला. मग तिनं पेन्सिल खाली ठेवली, दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि एक मिनिट तशीच बसली. पुन्हा उचलली. शेवटची घंटा झाली तेव्हा एकतीस प्रश्न कोरे होते. त्यातल्या वीसेकांची तरी उत्तरं तिला येत होती.

त्या वर्षी तिचा नंबर लागला नाही, हे पुढं जूनमध्ये कळलं. तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं नाही असं तिनं सांगितलं आणि बी.एस्सी.ला नाव घातलं. राजरत्नच्या लग्नात तो कमीज घालून ती नाचली. मान पुढं वर्षभरानं पूर्ण सुधारली, बोटं त्याहूनही उशिरा. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी ती शाळेच्या फाटकातून बाहेर आली तेव्हा डोळ्यांवर ऊन आदळलं. रस्त्याच्या कडेला कुठल्यातरी क्लासनं मांडव घातला होता, आईबापांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि सरबताचा हंडा ठेवला होता. माणसं उठून फाटकाकडं धावत होती, आपापलं मूल शोधत होती. बाबा कुठं दिसेनात. मग मांडवाच्या मागच्या रांगेत दिसले. खुर्चीत बसून झोपले होते. रात्रपाळी करून तसेच तिच्याबरोबर आले होते. डोकं उजवीकडं कलंडून खांद्यापर्यंत लोंबत होतं, तोंड उघडं, मानेवरची शीर ताणून दोरीसारखी वर आलेली. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. खुर्चीत झोपलेले बाबा तिनं आजवर पाहिले नव्हते. घरी ते खुर्चीत बसतच नसत. ती तिची होती.

त्यांना उठवावं असं तिला वाटलं नाही. तिनं डावा हात पुढं केला, मग तो काढून उजवा केला, आणि तळहात त्यांच्या गालाखाली घालून डोकं हळूच वर घेतलं. जड होतं. माणसाचं डोकं किती वजनाचं असतं हे तिनं वाचलं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. हाताला अजून नीट जाणीव नव्हती. दाढीचे खुंट टोचत होते की नव्हते ते कळत नव्हतं, फक्त वजन कळत होतं. ती तशीच उभी राहिली. आजूबाजूला लोक उत्तरं जुळवत होते, कुणी रडत होतं, कुणी फोनवर ओरडून सांगत होतं. थोड्या वेळानं बाबांनी डोळे उघडले. आपलं डोकं कुठं आहे हे त्यांना चटकन कळलं नाही. कळल्यावर ते सावरून बसले आणि म्हणाले, "झाला पेपर?"

"झाला."

"पूरा लिवला?"

"नाही, बाबा. एकतीस सवाल राह्यले. हात उचलत नव्हता."

ते तिच्या हाताकडं पाहत राहिले. काहीतरी म्हणतील म्हणून ती थांबली. ते गुडघ्यांवर हात रेटून उठले आणि बाजूला झाले. "बस घडीभर," ते म्हणाले. "थकली असशीन."

"नको," ती म्हणाली. "बसायचं नाही मला."

हे वाक्य तिनं कधीच तयार केलं नव्हतं. बाबांनी मान हलवली. तेही परत बसले नाहीत. दोघं तिथंच उभे राहिले, मध्ये ती पांढरी खुर्ची, आणि सरबतवाल्यानं दिलेले दोन ग्लास. सरबत गोडमिट्ट आणि कोमट होतं. ते दोघांनी सावकाश संपवलं. मागच्या रांगेतून एक म्हातारेसे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांची नात अजून आतून यायची होती.

"भाईसाहब, ये कुर्सी खाली है?"

बाबांनी उत्कर्षाकडं पाहिलं.

"हाँ," ते म्हणाले. "ले जाइए."